खांब उठला का?

दुकानाचं शटर अर्धं वर करून ती एका जुन्या खुर्चीचे खिळे उपटत बसली होती. कुशनिंगच्या कामातला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. जुनं कापड सोलायचं, खालचा भुसा झालेला काथ्या झटकून टाकायचा, पट्टे ताणून बघायचे, आणि मगच नवं काही चढवायचं. उपटलेले खिळे ती ओठांत धरायची. लोक हसायचे, पण हात मोकळे राहतात म्हणून तिने ती सवय कधी सोडली नाही.

शटरखाली दोन पाय येऊन थांबले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात बूट. मग एक म्हातारा वाकून आत आला, सरळ उभा राहिला आणि अगदी रोज येणाऱ्या माणसासारखं त्याने विचारलं, "खांब उठला का, वहिनी?"

तिने ओठांतले खिळे हातात काढून घेतले.

खांब म्हणजे तिचा नवरा. रिंगमध्ये कितीही मार खाल्ला तरी जागचा हलायचा नाही, म्हणून लोकांनी ते नाव पाडलं होतं. त्याला जाऊन तीस वर्षं उलटून गेली होती. तो ज्या सामन्यात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी 'खांब कोसळला' असा मथळा दिला होता, आणि तो मथळा सुचल्याचा आनंद त्यांना लपवता आला नव्हता, हे तिला अजून आठवत होतं.

समोरच्या माणसाचा चेहरा तिला ओळखू आला नाही. नाक बसलेलं, एक पापणी निम्मी खाली, गालाची कातडी लोंबलेली. पण तो उभा होता उजवा खांदा पुढे काढून, डावा हात छातीपाशी दुमडून. तशी उभं राहायची रीत डाव्या हाताने खेळणाऱ्या बॉक्सरची. त्यावरून तिने त्याला ओळखलं. हा डावरा. याच्याच ठोशाने खांब पडला होता आणि उठला नव्हता. चौकशीच्या वेळी तो समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, त्यानंतर तिने त्याला पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली की ते आता नाहीत, त्या सामन्यातच गेले.

डावऱ्याला ते पहिल्यांदाच कळलं. तिला हे त्याच्या तोंडाकडे बघता बघता समजत गेलं. तो हळूच खाली बसला, फरशीवर, कापडाच्या चिंध्यांत, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागला. कोणी, कधी, कसं, असं तो विचारत राहिला. कोणी, याचं उत्तर तिला देता येईना.

थोड्या वेळाने त्याची मुलगी धापा टाकत आली. ती औषधाच्या दुकानात काउंटरला होती, अंगात तिथलाच पांढरा कोट होता. तिने वडिलांना उठवलं, माफी मागितली आणि हिला बाहेर एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डोक्यावर आयुष्यभर मार बसलेल्यांना होतं ते दुखणं बाबांना झालंय. कालचं आठवत नाही, मुलीचं नाव आठवत नाही, पण त्या सामन्याच्या आधीचे दिवस मात्र लख्ख आहेत. दार उघडं राहिलं की निघतात. "काकू, ते तुमच्याच घरी येताहेत हे मला माहीत असतं तर मी कुलूप घातलं असतं," ती म्हणाली. कुलूप नको घालूस, असं कुशनवाली का म्हणाली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

सगळा मोहल्ला तिला कुशनवालीच म्हणे. पण त्या भागात दुसऱ्याही एका गोष्टीसाठी लोक तिला ओळखत. तिथलं बॉक्सिंग तिने बंद पाडलं होतं.

तिथे बॉक्सिंग फार जुनं. तिच्या सासऱ्याच्या लहानपणी गोदामांच्या आवारात हमाल लोक मुठींना चिंध्या गुंडाळून खेळत, आणि एकजण पडून उठेनासा झाला की संपलं. ना फेऱ्या, ना पंच. पोलीस आले की सगळे पोती उचलायला लागत. पुढे कोणा अधिकाऱ्याला या खेळाचा नाद लागला, मग परवाने आले, मंडळ आलं, छापील नियम आले. दोरांची उंची ठरली, ग्लोव्हजचं वजन ठरलं, फेऱ्या ठरल्या, रिंगजवळ डॉक्टर बसायला लागला. पण तो डॉक्टर आयोजकाच्या खर्चाने यायचा, आयोजकाच्या शेजारी बसायचा आणि आयोजकाच्या तोंडाकडे बघून मान डोलवायचा. खांबाच्या काळापर्यंत नियम असे पुष्कळ साठले होते. मंडळाच्या कचेरीत ते काचेच्या कपाटात असत. दिसायचे सगळ्यांना, बाहेर कोणी काढत नसे.

खांब गेला तेव्हा ती तरुण होती, पदरात मूल नव्हतं, आणि रडण्यापेक्षा चिडणं तिला सोपं गेलं. ती सभांना जाऊ लागली. तिचं म्हणणं एकच असे: या खेळाला माणूस वाचवणारे नियम नाहीत, आणि ज्याला ते नाहीत तो खेळ नाही. तिच्यासोबत डॉक्टर उभे राहिले, शिक्षक उभे राहिले, काही पुढारीही. शेवटी कायदा झाला. मंडळ बरखास्त झालं, बॉक्सिंगवर त्या सबंध भागात बंदी आली. खांबाचा धाकटा भाऊ, तिचा दीर, तेव्हा सरावाचा आखाडा चालवत असे. सामन्यात खांबाच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन तोच उभा होता. बंदी आली तशी त्याने आखाड्यात लोखंडी वजनं आणून ठेवली आणि पोटं कमी करायला येणाऱ्या लोकांना व्यायाम शिकवू लागला. बरीच वर्षं तो वहिनीशी बोलला नाही.

बंदीने बॉक्सिंग थांबलं मात्र नाही. ते तळघरांत गेलं, बंद कारखान्यांत गेलं. आता तिथे कागदावरचे नियमही नव्हते. मध्येच कुणी पोरगा इस्पितळाच्या फाटकाशी सोडून दिलेला सापडे, जिन्यावरून पडला असं सांगितलं जाई. गेल्या हिवाळ्यात असाच एकजण वारला, तेव्हा सरकारने एका निवृत्त न्यायाधीशांच्या हाताखाली समिती नेमली. बंदी उठवून कडक नियम करायचे की बंदीच कडक करायची, हे समितीने सांगायचं होतं. पहिली साक्ष कुशनवालीची ठेवली होती.

डावऱ्याच्या त्या पहिल्या फेरीच्या दोन-तीन दिवस आधी दीर तिच्याकडे येऊन गेला होता. आडून आडून तो सांगत होता की पोरं खेळणारच, मग उजेडात खेळलेली बरी. ती सुई चालवत ऐकत होती. मी माझं बोलणं बदलणार नाही भाऊजी, एवढंच ती म्हणाली. तो चहा अर्धा टाकून गेला.

डावरा परत आला. मग पुन्हा आला. नेहमी सकाळी, नेहमी तोच प्रश्न. दोनदा तिने खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा तो तसाच कोसळला, पहिल्यासारखाच, तिळमात्र कमी नाही. ती दर वेळी त्याला तीच बातमी देत होती आणि दर वेळी तो त्याच ठिकाणी मार खात होता. तीस वर्षांपूर्वी हा माणूस असाच तडफडावा अशी इच्छा तिने कितीतरी वेळा केली होती. आता ते समोर घडत होतं आणि तिला बघवत नव्हतं.

त्यानंतर तो आला तेव्हा ती म्हणून गेली, "झोपलेत अजून."

डावऱ्याचा चेहरा सैल झाला. बसतो मग, म्हणाला. अर्धवट सोललेल्या सोफ्यावर, स्प्रिंगांवर बेताने अंग टाकून तो बसला आणि आवाज बारीक करून बोलू लागला, आतल्या माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून. तीही बारीक आवाजात उत्तरं देऊ लागली. तिच्या हे ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते तो गेल्यावर. दुकानामागच्या स्वयंपाकघरात ती गेली, आणि भांडं ठेवताना आवाज होऊ नये म्हणून तिने खाली फडकं घातलं. पलीकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते तिनेच सकाळी लोटलं होतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. तरी ती ते उघडायला गेली नाही. संध्याकाळपर्यंत ती घरात पाय न वाजवता वावरत होती.

त्यानंतर तिची सकाळ पार बदलून गेली. शटर वर करताना ती ते दणक्यात ढकलेनाशी झाली. गिऱ्हाईक मोठ्याने बोललं की तिची नजर आतल्या दाराकडे जाई. एकदा कापडाच्या व्यापाऱ्याने सहज विचारलं, आत कोणी आजारी आहे का? नाही म्हणायला तिला क्षणभर वेळ लागला.

डावरा मात्र खूश असे. ते झोपलेत म्हटलं की बसे, काहीबाही बोले, आणि मुलगी आली की निघून जाई. पण निघताना दर वेळी तो दारात थांबे, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा वळे, आणि मग म्हणे, "काही नाही, असंच."

ते दोन शब्द तिने आधी ऐकले होते. कुठे, ते आठवायला तिला बरेच दिवस लागले. आठवलं तेव्हा ती कात्रीने रेक्झिन कापत होती आणि कात्री वाकडी गेली. सामन्याच्या आदल्या सकाळी हाच माणूस तिच्या घरी आला होता. तेव्हा तरणाबांड होता. खांब उठला का, असंच त्याने विचारलं होतं. झोपलेत, ती म्हणाली होती, कारण खांब खरंच झोपला होता. त्या दिवसांत तो फार झोपायचा. डावरा पाणी प्यायला, दारात घुटमळला, काही नाही, असंच, म्हणाला आणि गेला.

म्हणजे हा रोज येत होता तो त्याच सकाळी येत होता.

पुढच्या वेळी ती त्याला जाऊ देईना. दारात तो वळला, तेव्हा ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की मला सांगा, ते उठले की मी त्यांना सांगते. डावऱ्याने आतल्या दाराकडे पाहिलं. त्याच्या खाली पडलेल्या पापणीच्या आड काहीतरी हललं.

"वहिनी, त्याला म्हणावं, उद्या खेळू नको," तो म्हणाला. "सरावात माझा फटका बसला तेव्हा तो पडला नव्हता नुसता. गेला होता. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. आम्ही तोंडावर पाणी मारत होतो. उठल्यावर मला विचारतो, तू कोण? मला, वहिनी. रोज माझ्यासोबत खेळणारा माणूस."

ती त्याला विचारत गेली आणि तो सांगत गेला, तुटक तुटक, पण जराही न चुकता. खांबाचा सामना मुळात दुसऱ्याच एका डावखुऱ्याशी ठरला होता, म्हणून सरावाला डावऱ्याला बोलावलं होतं. सामन्याच्या काहीच दिवस आधी सरावात खांब बेशुद्ध पडला. नियम होता की बेशुद्ध पडलेल्याने महिनाभर रिंगमध्ये उतरायचं नाही, आणि ज्याने पाहिलं त्याने मंडळाला कळवायचं. आखाड्यात तेव्हा तिघेच होते. खांब म्हणाला, कोणी बोलायचं नाही, आणि त्याने दोघांना शपथ घातली. मग तो दुसरा डावखुरा जायबंदी झाला, आणि आयोजकाने त्याच्या जागी डावऱ्यालाच उभं केलं. नाही म्हटलं असतं तर का, हे मंडळापुढे सांगावं लागलं असतं.

"तिसरा कोण होता?" तिने विचारलं.

"त्याचा भाऊ," डावरा म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

दुपारी ती आखाड्यात गेली. दीर एका लठ्ठ माणसाला दोरीच्या उड्या शिकवत होता. तिला दारात बघून त्याने त्या माणसाला घरी पाठवलं. तिने काही न फिरवता विचारलं. तो भिंतीवरच्या आरशात बघत राहिला, आरशात ते दोघेही दिसत होते.

"त्याने मला आईची शपथ घातली होती, वहिनी," तो म्हणाला. "आणि मला वाटलं, खांब आहे, त्याला काय होणार."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. एवढी वर्षं तू मला सभेसभेतून नियम नव्हते, नियम नव्हते म्हणून सांगू दिलंस, असं काहीतरी. पण ओरडायला तोंड उघडलं आणि तिला खांब आठवला, सामन्याच्या आधीच्या आठवड्यातला. जेवताना तो तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होता आणि पाणी पेल्याच्या शेजारी पडत होतं. एकदा नाही, दोन-तीनदा. ती हसली होती, लक्ष कुठंय म्हणाली होती. तोही हसला होता. तिने फडक्याने जमीन पुसली होती आणि विषय तिथेच संपला होता.

ती वळली आणि घरी आली. दीर तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

साक्ष एका जुन्या सभागृहात झाली. खुर्चीची गादी बसलेली होती, हे तिला बसल्या बसल्या कळलं. न्यायाधीश सौम्य होते. त्यांनी तिला पाणी दिलं, सावकाश बोला म्हणाले. मागच्या रांगेत बंदीवाले होते, त्यांच्या मागे बंदी उठवा म्हणणारे, आणि त्यांच्यात दीर. ती काय बोलणार हे दोन्ही बाजूंना पाठ होतं.

ती उभी राहिली आणि म्हणाली की एवढी वर्षं मी एक चुकीचं सांगत आले. नियम होता. माझ्या नवऱ्याला वाचवेल असा नियम कपाटात होता. तो ज्यांनी पाळायचा, ते त्याचे दोस्त होते, भाऊ होता. ती माणसं वाईट नव्हती. त्याच्यावर जीव होता म्हणून गप्प बसली. सभागृहात कुजबुज झाली. दिराने मान खाली घातली, पण उठून गेला नाही.

मग बंदी उठवावी असं तुमचं म्हणणं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती म्हणाली, ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं कळत नाही. पण खेळ चालू करणार असाल तर एक गोष्ट करा. डॉक्टर बॉक्सरला तपासतो, डोळ्यांत बॅटरी मारतो, बोटं मोजायला लावतो. बॉक्सर त्याच्यापुढे ताठ उभा राहतो. घरी तो कसा चालतो, कसा जेवतो, ते घरचं माणूस बघतं. त्याला बाजूला घेऊन विचारा, बॉक्सर समोर नसताना. विचारल्याशिवाय रिंगमध्ये सोडू नका. "मला कोणी विचारलंच नाही, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आणि विचारलं असतं तर? तुम्ही सांगितलं असतं?"

हा प्रश्न तिने स्वतःला आखाड्यातून परतल्यापासून विचारला होता. तिच्या डोळ्यांपुढे आला तो घरातही शपथा घालणारा माणूस, त्याचे ते लालबुंद डोळे, आणि सामना गेला तर त्याने आठवडाभर धरलेला अबोला. सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"नाही सांगता येत," ती म्हणाली, आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी डावरा आला. तिला रात्रभर झोप नव्हती. त्याने खांब उठला का म्हणून विचारलं, तेव्हा ती त्याला सोफ्यावर बसवून आत गेली. लोटलेलं दार तिने उघडलं. खोलीत पलंग होता, त्यावर शिवायला आलेल्या पडद्यांचा ढीग होता, दुसरं काही नव्हतं. तरी ती तिथे थोडी थांबली, एखाद्याशी बोलून यायला जेवढा वेळ लागेल तेवढी. बाहेर येऊन म्हणाली, "सांगितलं त्यांना. नाही खेळणार म्हणाले."

"चिडला?"

"चिडले. पण ऐकलं."

डावऱ्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. डावा हात छातीवरून खाली आलेला तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी तो दारात वळला नाही. नंतर मुलीने सांगितलं की घरी जाऊन बाबा कितीतरी महिन्यांनी शांत झोपले. अर्थात ते टिकलं नाही. चार दिवसांनी तो पुन्हा दारात होता, पुन्हा विचारत होता, आणि ती पुन्हा आत जाऊन त्या रिकाम्या खोलीत उभी राहत होती. उन्हाळा येईपर्यंत हे चाललं. मग त्याचे पाय गेले. ती त्याच्या घरी जाऊ लागली, आणि त्याने विचारण्याआधीच सांगू लागली. शेवटी शेवटी तो कोणाबद्दल चाललंय हेही विसरला होता, पण ऐकून मान हलवायचा. पावसाळा संपता संपता तो गेला. अंत्ययात्रेत ती होती. जुन्या बंदीवाल्यांपैकी एकाने हे पाहिलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

बंदी उठली. नवीन मंडळ आलं, फेऱ्या कमी झाल्या, डॉक्टर मंडळाच्या पगारावर आले. आणि नियमांत एक कलम पडलं की सामन्याआधी डॉक्टरने बॉक्सरच्या घरच्या माणसाशी एकांतात बोललंच पाहिजे. लोक त्याला कुशनवालीचं कलम म्हणू लागले. बॉक्सर मंडळी त्यावर विनोद करत. आता बायकोने होय म्हटल्याशिवाय मारही खाता येत नाही, वगैरे. दिराने आखाड्यातली वजनं एका कोपऱ्यात सारून पुन्हा रिंग बांधली. दोरांच्या कोपऱ्यांना लावायच्या गाद्या शिवून देशील का, म्हणून त्याने निरोप धाडला. तिने दिल्या शिवून, पण बसवायला ती गेली नाही.

पहिल्या मोठ्या सामन्याच्या आधी एक मुलगी दुकानात आली. उशीचा अभ्रा हवा म्हणाली, पण माप सांगता येईना. कुशनवालीने तिला स्टूल दिलं. मुलीचा नवरा त्या सामन्यात खेळणार होता. दुपारी तिला डॉक्टरकडे जायचं होतं. तो रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकलवर बसून वाट बघत होता, शटरखालून त्याचे बूट दिसत होते.

मुलगी म्हणाली की काही विशेष नाही. सरावात मध्ये लागलं होतं थोडं. त्यानंतर एकदा घरी येताना त्याला आपली गल्ली सापडेना, शेजारच्या गल्लीत फिरत होता. दमला असेल. हे काय सांगण्यासारखं आहे का, काकू? सांगितलं तर तो मला जन्मात माफ करणार नाही.

कुशनवालीच्या मनात पुष्कळ काही आलं. तिला सभांत बोलायची सवय होती. पण त्या मुलीचे हात बघून ते सगळं मागे पडलं. मुलगी अभ्र्याच्या कापडाची किनार बोटांनी दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती.

"नाही करणार माफ," ती म्हणाली. "चिडेल, बोलणार नाही, जेवणार नाही. पण हे सगळं घरात बसून करेल."

मुलगी अभ्रा न घेताच गेली. डॉक्टरला तिने काय सांगितलं, हे कुशनवालीला दोन दिवस कळलं नाही. त्या दोन दिवसांत तिने एका सोफ्याचं कापड उलटं चढवलं आणि पुन्हा उसवलं.

मग तो स्वतःच आला. उंच, देखणा पोरगा. आल्या आल्या त्याने मध्ये पडलेली खुर्ची लाथेने उडवली. त्याचं नाव सामन्यातून काढलं होतं. म्हातारे, तुझा मेला म्हणून तू सगळ्यांना घरी बसवणार का, असं आणि पुष्कळ काही तो बोलला. बायको मागे दारात उभी होती, रडून डोळे सुजलेले. कुशनवाली भिंतीला टेकून ऐकत राहिली. त्याचा आवाज सगळ्या दुकानात भरला होता, आणि कितीतरी महिन्यांनी तिला तिथे कोणाची झोपमोड होईल असं वाटलं नाही.

बोलून बोलून तो थकला. दार दाखवायची गरज नव्हती, तो आपणच वळला. वळताना त्याचा खांदा चौकटीवर आदळला. मघाशी त्याच चौकटीतून तो सरळ आत आला होता. त्याने चौकटीकडे जरा चमकून पाहिलं, मग पायरी उतरला आणि रस्त्यावर थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मोटारसायकल समोरच उभी होती.

बायको पुढे झाली, तिने त्याचं कोपर धरलं आणि त्याला तिकडे घेऊन गेली.